सुभेदाराचे पेन्शन आणि सरकारचे कर्ज

डॉ. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, लष्करातून निवृत्त झाले तेव्हा घराला आधार राहिला तो पेन्शनचा. त्याच घरात वाढलेल्या बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रीपद सोडताना सैन्यखर्चावर बोट ठेवले. सरकारचे वार्षिक महसुली उत्पन्न ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर! दोष मात्र त्यांनी परराष्ट्र धोरणाला दिला, शिपायाच्या पगाराला नव्हे.

आज हा वाद पुन्हा आपल्या दारात आला आहे.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च धरला होता ५०.६५ लाख कोटी. त्यात संरक्षणाला ६.८१ लाख कोटी, आणि त्यापैकी पेन्शन १.६१ लाख कोटी. नव्या शस्त्रसामग्रीसाठी वगैरे १.८० लाख कोटी. म्हणजे पेन्शनचा आकडा लहान नाही, हे मान्यच केले पाहिजे. (यात संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारीही आले, ही गोष्ट भाषणांत कोणी सांगत नाही.) पण त्याच कागदावर कर्जाचे नुसते व्याज किती? १२.७६ लाख कोटी. साऱ्या संरक्षण खर्चाच्या जवळजवळ दुप्पट!

कर्ज कमी व्हायलाच हवे. व्याजात गेलेला रुपया ना शाळेला मिळतो, ना जवानाला. प्रश्न एवढाच की काटकसर कोणाच्या ताटातून?

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, कायम होणार जास्तीत जास्त शंभरात पंचवीस. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख एकरकमी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आता हिशेब पाहा. जुन्या पद्धतीने भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनीत जातो. म्हणजे २०२२ च्या भरतीतली पेन्शनबचत दिसणार २०३७ च्या पुढे. सरकारला कर्जाचे प्रमाण खाली आणायचे आहे ते मार्च २०३१ पर्यंत. तिथे ही बचत उपयोगाची नाही. जुने पेन्शन तर द्यावेच लागणार, आणि द्यायलाच हवे. पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगून ठेवले आहे.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस दाखल होऊ लागली. तिची चार वर्षे भरतात २०२६ अखेर. घरी परतणारा मुलगा तेव्हा पंचविशीच्या आसपास असेल.