नाणेघाटातले आकडे आणि संगणकातल्या नैसर्गिक संख्या

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांच्या संख्या त्यात कोरल्या आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांचा अभ्यास केला. त्यांत शून्य नाही. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की ४००० होतात. आपण तीच संख्या निराळ्या रीतीने लिहितो. मग चिन्हे बाजूला ठेवल्यावर ‘संख्या’ म्हणून काय उरते?

इटालियन गणितज्ञ पेआनो यांनी १८८९ मध्ये याचे उत्तर गृहीतकांच्या रूपात मांडले. लीन, अ‍ॅग्डा यांसारख्या फंक्शनल संगणक-भाषांत नैसर्गिक संख्या हा माहितीचा प्रकार त्याच धर्तीवर दोन नियमांनी घडतो:

(१) शून्य ही नैसर्गिक संख्या आहे.
(२) ‘न’ नैसर्गिक असेल, तर ‘न’च्या पुढची संख्याही नैसर्गिक आहे.

बेरजेलाही दोनच नियम पुरतात. शून्य + ब = ब; आणि (अ च्या पुढची) + ब = (अ + ब) च्या पुढची. आता २ + ३ करून पाहू. २ म्हणजे १ च्या पुढची. म्हणून उत्तर (१ + ३) च्या पुढचे. तसेच १ + ३ म्हणजे (० + ३) च्या पुढची, म्हणजे ४. म्हणून उत्तर ५. वर्गात शिकवतो त्या गणिती विगमनाचीच ही पायरी आहे.

वजाबाकीत मात्र निर्णय घ्यावा लागतो. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. समजा, दुरुस्तीतल्या अँटेना चुकून ३२ नोंदल्या गेल्या. चालू अँटेना किती? साधे पूर्णांक वापरले तर −२ उत्तर येते आणि आकडेमोड तशीच पुढे जाते. हॅस्केलचा नैसर्गिक प्रकार त्रुटी दाखवून थांबतो. लीन ० हे उत्तर देते. ते खरे वाटण्याजोगे असल्याने चूक झाकली जाते! म्हणून आधी ‘वजा करायची संख्या मोठी नाही’ हे तपासणे, किंवा सिद्ध करणे, आपले काम.

एकेक पायरी मोजत मोठ्या संख्या हाताळणे फार मंद होईल. म्हणून प्रत्यक्षात लीन त्या द्विमान पद्धतीने साठवते. चिन्हे बदलली, नियम तेच राहिले. आता विद्यार्थ्यांना सांगा: अशाच दोन नियमांत गुणाकार मांडून दाखवा.