गोंदियात मिडवाइफचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना कोणती मदत मिळते? फी, राहणं आणि लेबर रूम, सगळं समजून घ्या

बाळ जन्मलं की घरात पेढे वाटले जातात. ते आईवर गेलंय की बापावर, यावर चर्चा रंगते. पण त्याला सगळ्यात आधी ज्या सिस्टरने हातात घेतलं ती हे काम कुठे शिकली, आणि शिकताना तिच्या बाजूला कोणी उभं होतं का, हे आपण कधी विचारत नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यात तर हा प्रश्न विचारायलाच हवा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके, उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागात जंगलाला लागून असलेली गावं. इथून शिकायला बाहेर पडलेली मुलगी पुढे अशाच एखाद्या गावातल्या उपकेंद्रात एएनएम म्हणून रुजू होऊ शकते. नियमानुसार आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. तिथे डॉक्टर कायम नसतो. रात्री कळा सुरू झालेली बाई दारात आली, तर पहिला निर्णय या मुलीलाच घ्यायचा असतो.

म्हणजे शिकताना तिला मिळालेली किंवा न मिळालेली मदत शेवटी त्या बाईपर्यंत पोहोचते. मग ही मदत नक्की काय आहे, ते एकेक करून पाहू.

मिडवाइफ म्हणजे गावातली सुईण का?

नाही. सुईण अनुभवातून शिकलेली असते. मिडवाइफ म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण करून, परीक्षा देऊन नोंदणी झालेली व्यक्ती. सरकारी मराठीत तिला ‘प्रसविका’ म्हणतात.

आपल्याकडे मिडवाइफचं शिक्षण बहुतेक वेळा नर्सिंगच्या पोटातच येतं. त्याचे तीन मुख्य रस्ते आहेत:

- एएनएम: २ वर्षं
- जीएनएम: ३ वर्षं (यातला ‘एम’ म्हणजेच मिडवाइफरी)
- बीएस्सी नर्सिंग: ४ वर्षं

बीएस्सी हा विद्यापीठाचा कोर्स आहे. राज्यातली नर्सिंग कॉलेजेस नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली असतात. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. ‘आरएनआरएम’ ही अक्षरं कुठे वाचली असतील, तर त्यातलं ‘आरएम’ म्हणजे रजिस्टर्ड मिडवाइफ.

फीसाठी कोणती मदत आहे?

बहुतेक योजनांचा दरवाजा एकच आहे: महाडीबीटी पोर्टल.

- एससी आणि एसटी विद्यार्थिनींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, म्हणजे ‘फ्रीशिप’.
- ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत. हा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा.

इथे एक मोठी मेख आहे. १०० टक्के सवलत सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून, एजंटने ‘सीट पक्की करून देतो’ म्हणत करून दिलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून बाहेर आहेत. त्यामुळे आपलं कॉलेज आणि कोर्स यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा, नंतर नाही.

उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, अधिवास आणि आधार जोडलेलं बँक खातं या गोष्टी बारावीचा निकाल लागण्याआधीच गोळा करायला घ्या. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या कागदावर.

राहायचं कुठे?

सालेकसा मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे तिथून गोंदियाला ये-जा करणं सोपं वाटू शकतं. पण लेबर रूमची ड्युटी गाडीच्या वेळापत्रकावर चालत नाही. बाळ पहाटे साडेतीनला येतं. म्हणून या शिक्षणात हॉस्टेल ही चैन नसून अभ्यासाचाच भाग आहे.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर थेट खात्यात पैसे देणाऱ्या तीन योजना आहेत:

- एससी आणि नवबौद्ध: डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना
- एसटी: पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना
- ओबीसी आणि इतर मागास प्रवर्ग: ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना

जेवण, खोलीभाडं आणि निर्वाह यासाठी ही रक्कम असते. कॉलेज ज्या शहरात आहे, तिथलीच रहिवासी असाल तर लाभ मिळत नाही. बाहेरून येऊन शिकणाऱ्यांसाठीच या योजना आहेत. आदिवासी विद्यार्थिनींसाठी देवरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. ‘स्वयम्’बद्दल विचारायचं ठिकाण ते.

पुस्तक इंग्रजीत, बाई बोलते गोंडी

पैशांचं जमलं की दुसरी अडचण उभी राहते. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी जीएनएम किंवा बीएस्सीला येते आणि पुस्तकं निघतात इंग्रजी. पहिल्या काही महिन्यांत ‘आपल्याला जमणार नाही’ असं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण लेबर रूममध्ये चित्र पालटतं. तिथे आलेली बाई झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगडी किंवा हिंदी बोलते. ‘कधीपासून दुखतंय, पाणी गेलंय का, बाळ हलतंय का’ हे तिला तिच्या भाषेत विचारता येणं ही मोठी ताकद आहे, आणि ती गावाकडच्या मुलींकडे आधीच असते. चांगली शिक्षिका हे ओळखते. इंग्रजी शब्दांसाठी जादा तास घेते, आणि बाईशी बोलायला याच मुलींना पुढे करते.

खरी परीक्षा: लेबर रूम

फी माफ झाली, हॉस्टेल मिळालं, तरी मिडवाइफ तयार होते ती हाताने काम करूनच.

भारतीय परिचर्या परिषदेच्या, अनेक वर्षं चालत आलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीने २० सामान्य प्रसूती स्वतः कराव्यात आणि ३० गरोदर महिलांची तपासणी करावी अशी अट होती. प्रत्येक केस लॉगबुकमध्ये लिहायची आणि शिक्षिकेची सही घ्यायची. आधी पाहायचं, मग मदत करायची, मग कोणीतरी शेजारी उभं असताना स्वतः करायचं, असा हा क्रम.

आता गोंदियाचं बघा. शहरातलं बाई गंगाबाई महिला रुग्णालय म्हणजे जिल्ह्यातलं बाळंतपणाचं मोठं ठिकाण. २०१६ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलं गेलं. केसेस भरपूर असणं शिकायला चांगलंच. पण वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या कुठल्याही शहरात एकाच लेबर रूममध्ये एमबीबीएसचे विद्यार्थी, इंटर्न, नर्सिंगच्या मुली असे सगळेच शिकायला येतात. गर्दीत मागे राहिलेल्या मुलीचं लॉगबुक भरतं, हात मात्र भरत नाही.

यावर उपाय काय?

१. सोबत शिक्षिका: परिषदेच्या निकषात दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षिका धरली आहे. ती वर्गात आणि वॉर्डात, दोन्हीकडे हवी. वॉर्डात मुलींना सोडून शिक्षिका ऑफिसात बसली, तर त्याला प्रात्यक्षिक म्हणता येत नाही.

२. स्किल लॅब: जन्मलेलं बाळ रडलं नाही, श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत त्याला बॅग-मास्कने श्वास द्यावा लागतो. हे ‘गोल्डन मिनिट’ खऱ्या बाळावर पहिल्यांदा शिकण्याची गोष्ट नाही. पुतळ्यावर पन्नासदा केलेलं असेल, तरच त्या एका मिनिटात हात थरथरत नाहीत.

३. छोट्या दवाखान्यातली ड्युटी: ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात केसेस कमी असतात, पण गर्दीही कमी असते. एकाच बाईसोबत कळा सुरू झाल्यापासून बाळाला पहिलं दूध पाजेपर्यंत थांबता येतं. ‘कम्युनिटी पोस्टिंग’ला सुट्टी समजू नका.

सुई टोचली तर? मन खचलं तर?

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून नीट वाचा.

ड्युटीवर वापरलेली सुई टोचली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका. लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांच्या आत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. कोर्स २८ दिवसांचा असतो. ‘ओरडतील’ या भीतीने लपवणं सगळ्यात धोक्याचं. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस वॉर्डात जाण्याआधीच मागून घ्या.

मृत बाळ हातात घ्यावं लागणं, डोळ्यांसमोर आईची तब्येत बिघडणं हे वीस वर्षांच्या मुलीला हादरवून टाकतं. ‘सवय होईल’ एवढं सांगून भागत नाही. ड्युटीनंतर शिक्षिकेने बसून त्या घटनेबद्दल बोलायला हवं. तेही पुरेसं नसेल, तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र सुरू असते, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १८००-१८०-५५२२.

पुढे काय?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा १८ महिन्यांचा कोर्स आहे. जीएनएम किंवा बीएस्सीनंतर २ वर्षांचा अनुभव असेल तर तो करता येतो. गुंतागुंत नसलेलं बाळंतपण अशा मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावं, ही त्यामागची कल्पना. शिवाय २०१४ नंतर सुरू झालेल्या १५७ वैद्यकीय महाविद्यालयांसोबत नर्सिंग कॉलेजेस काढायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

प्रवेशाआधी कॉलेजला हे ५ प्रश्न विचारा

१. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? कागद दाखवा.
२. आम्ही प्रसूती कुठल्या दवाखान्यात शिकणार, आणि तिथे महिन्याला किती प्रसूती होतात?
३. वॉर्डात आमच्यासोबत शिक्षिका असते का, रात्रीसुद्धा?
४. रात्रीच्या ड्युटीला हॉस्टेलपासून दवाखान्यापर्यंत जायची सोय काय?
५. महाडीबीटीचा अर्ज भरायला कॉलेजमध्ये कोण मदत करतं?

आईवडिलांनो, हे प्रश्न विचारायला लाजू नका. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर सरळ दुसरं कॉलेज बघा. तुमची मुलगी उद्या ज्या बाईच्या उशाशी उभी राहील, तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.