अधिक आर्टेमिसिनिन देणारे वाण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात देवाला वाहिला जाणारा दवणा ज्या प्रजातीत मोडतो, त्याच प्रजातीतील आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ ही वर्षायू वनस्पती आर्टेमिसिनिन या मलेरियावरील औषधी घटकाचा मुख्य नैसर्गिक स्रोत आहे. चीनमध्ये थू यूयू यांच्या संशोधक गटाने हा घटक १९७२ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि या कार्यासाठी थू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या वनस्पतीच्या सुधारित वाणांविषयी काही समजुती अशा रूढ आहेत, की त्यांपायी शेतकऱ्याचे नुकसान होते आणि रुग्णाच्या जिवालाही धोका पोहोचू शकतो.

रानात आपोआप उगवलेली वनस्पतीच सर्वांत गुणकारी असते, ही त्यांतील सर्वांत जुनी समजूत होय. प्रत्यक्षात या वनस्पतीत परपरागण होत असल्यामुळे, म्हणजे एका झाडाचे पराग वाऱ्याने दुसऱ्या झाडावर जाऊन बीजधारणा होत असल्यामुळे, शेजारशेजारची दोन रानटी झाडेही रासायनिकदृष्ट्या सारखी नसतात. एकाच्या सुक्या पानांत आर्टेमिसिनिन जेमतेम आढळते, तर दुसऱ्यात ते एक टक्क्याच्या आसपास पोहोचते. हा घटक पानांवरील सूक्ष्म ग्रंथिकेशांत, म्हणजे स्राव साठवणाऱ्या केसांत, तयार होतो. पैदासकार नवा गुण निर्माण करत नाही, तर निसर्गात विखुरलेली सरस झाडे हुडकून त्यांचा आपसांत संकर घडवतो.

टक्केवारी जितकी जास्त तितका वाण चांगला, हा समज अर्धाच खरा आहे, कारण हाती येणारे औषध पानांच्या उत्पादनावरही अवलंबून असते. हेक्टरी एक टन सुकी पाने आणि त्यांत १.२ टक्के घटक असेल तर १२ किलो आर्टेमिसिनिन मिळते. पाने दोन टन आणि घटक केवळ ०.८ टक्के असला तरी तेच १६ किलो होते. शिवाय ही लघुदिन वनस्पती आहे, म्हणजे दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की ती फुलोऱ्यावर येते. म्हणून उत्तरेकडील दीर्घ दिवसांत जोमाने वाढणारा वाण विषुववृत्ताजवळ लावला, तर तो खुजा असतानाच फुलतो आणि पानेच मिळत नाहीत. स्थळाचा विचार न करता बियाण्याच्या पाकिटावरील आकड्यावर विसंबणे, ही या पिकातील सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल.

संकरित पिकाचेच बी राखून पुन्हा पेरणेही असेच फसवे ठरते, कारण पुढील पिढीत गुण विभागले जाऊन झाडे असमान निपजतात.

सुधारित वाण म्हणजे जनुक बदललेले वाण, ही भीतीही निराधार आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी या वनस्पतीचा जनुकीय नकाशा २०१० मध्ये प्रसिद्ध केला. अशा नकाशामुळे इष्ट गुणाशी निगडित रेणवीय खुणा रोपावस्थेतच तपासता येतात, परंतु संकर मात्र नेहमीच्या परागीकरणानेच केला जातो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनेही ‘जीवनरक्षा’ आणि ‘सिम-आरोग्य’ हे वाण विकसित केले आहेत.

सर्वांत घातक गैरसमज असा, की भरपूर आर्टेमिसिनिन असलेल्या पानांचा काढा घेतल्यास मलेरिया बरा होतो. हा घटक पाण्यात फारच कमी विरघळतो आणि उष्णतेने त्याची हानी होते. थू यांच्या गटालाही यश मिळाले ते उकळणे सोडून कमी तापमानाला ईथरने अर्क काढल्यावरच. काढ्यात प्रत्येक वेळी वेगळी आणि अपुरी मात्रा पोटात जात असल्याने परजीवी पूर्ण मरत नाहीत व त्यांच्यात औषधाला दाद न देण्याची क्षमता वाढण्याचा धोका राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना मलेरियासाठी या वनस्पतीचा बिगर-औषधी स्वरूपातील वापर मान्य करत नाही. उत्तम वाणाची पाने ही कारखान्यासाठी कच्चा माल आहेत. ताप आलेल्या माणसाने रक्त तपासून घ्यावे आणि मलेरिया निघाल्यास डॉक्टरांनी दिलेली संयुक्त औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत.