देवगडचा किल्ला : उघड्या आभाळाखालचे संग्रहालय



जामसावळी येथे पिंपळवृक्षातळी पहुडलेल्या श्री हनुमंतांच्या दर्शनास विदर्भातून व मध्य प्रदेशातून भाविक मोठ्या संख्येने येतात. दर्शन आटोपून प्रसाद घेतल्यावर पुष्कळांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "आता एवढ्या दूर आलोच आहोत, तर जवळपास पाहण्यासारखे आणखी काय आहे?" या प्रश्नास आमचे पहिले उत्तर देवगडचा किल्ला हे आहे. मात्र तेथे जाऊन आलेल्यांपैकी काही जण "पडक्या भिंतींखेरीज तिथे काही नाही" असे म्हणतात, तेव्हा वाईट वाटते. पडक्या भिंती कशा पाहाव्यात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तेवढ्यासाठी हा लेख.

संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे, त्यांतील नाणी-तलवारी आणि "हात लावू नये" ही पाटी डोळ्यांपुढे येते. परंतु इतिहास कपाटात मावत नाही, म्हणून जगात उघड्यावरची संग्रहालयेही निर्माण झाली. त्यांच्या तीन तऱ्हा आहेत. पहिलीत जुन्या वास्तू एका ठिकाणी आणून अथवा ज्यांच्या त्या, त्यांच्याच हातून उभारून घेऊन मांडतात. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये सुरू झालेले स्कान्सेन या प्रकारचे आद्य स्थान मानले जाते. आपल्याकडे भोपाळच्या श्यामला टेकड्यांवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात देशोदेशीच्या नव्हे, पण प्रांतोप्रांतीच्या जनजातींची घरे त्या त्या लोकांनीच येऊन बांधलेली आहेत. दुसऱ्या तऱ्हेत सारे नव्याने घडवितात. कोल्हापूरजवळ कणेरी येथील सिद्धगिरी मठाने २००७ मध्ये उघडलेल्या ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे गाव मूर्तिरूपाने उभे आहे. नांगरणारा शेतकरी, घडा घडविणारा कुंभार पाहताना घरातील वृद्ध मंडळी नातवंडांना थांबवून थांबवून सांगत असतात. एका मठाने हे कार्य केले, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते.

तिसरी तऱ्हा सर्वांत साधी आणि सर्वांत कठीण. वास्तू जिथे उभी राहिली, जिथे पडली, तिथेच ती राहू द्यायची. देवगड या तऱ्हेचा आहे.

सौंसर सोडून रामाकोन्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट चढला की प्रदेश पालटतो. घाटाखाली कापूस, संत्री आणि मराठी बोली. घाटावर सातपुड्याचे पठार, हिंदी आणि गोंडी. जुने लोक वरच्या भागास बालाघाट व खालच्यास झेरघाट म्हणत. या दोन्ही घाटांवर ज्यांची सत्ता चालली, त्या गोंड राजांची राजधानी देवगड होय. हे स्थान छिंदवाड्याच्या नैऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर, मोहखेड तालुक्यात आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर त्यात गेले, तरी देवगड छिंदवाडा जिल्ह्यातच राहिला. राज्यकारभाराच्या रेषा अशा बदलत राहतात. १९५६ च्या प्रांतरचनेत तर नागपूर एका राज्यात आणि देवगड दुसऱ्या राज्यात गेले. आणि ही गोष्ट किती विलक्षण आहे ते पुढे ध्यानात येईल.

देवगडच्या गोंड घराण्याचा मूळपुरुष जाटबा. त्याच्याविषयी लोककथा अशी, की वालाच्या वेलाखाली बाळ निजले असता नागाने फणा धरून त्यावर सावली केली. मोठा झाल्यावर तो देवगडच्या जुळ्या गवळी राजांच्या चाकरीस राहिला. अंगी एवढे बळ, की गडाचा दरवाजा तो हातांनी उचली. राजांनी त्याची परीक्षा पाहण्यासाठी देवीपुढील रेडा लाकडी तलवारीने मारण्याची आज्ञा केली. तेव्हा देवीने स्वप्नात येऊन त्याला अभय दिले, लाकडी तलवारीस पोलादाची धार आली, आणि रेड्याबरोबर गवळ्यांचे राज्यही संपले. ही झाली कथा. इतिहासाचा आधार असा, की अकबराच्या काळी लिहिल्या गेलेल्या 'ऐन-ई-अकबरी'त जाटबाचे नाव येते, आणि त्याच्यापाशी २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ व १०० हत्ती असल्याची नोंद आहे. आकडे दरबारी लेखकाचे आहेत, ते तोलूनच घ्यावेत. तरी सातपुड्याच्या कुशीतील या राजाची दखल आग्र्यापर्यंत पोहोचली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

याच वंशातील बख्त बुलंद याने औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान धर्म स्वीकारला आणि राज्य मिळविले. पुढे त्याच औरंगजेबाशी त्याचे बिनसले. या राजाचे सर्वांत मोठे कार्य देवगडावर पाहावयास मिळत नाही. ते पाहण्यास नागपुरास जावे लागते. घाटाखालच्या सुपीक मुलखात त्याने चहूकडून कष्टाळू शेतकरी व कारागीर आणून वसविले, आणि १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर नगराची स्थापना केली. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानीच नागपुरास नेली, नगरास तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. गांधीसागर म्हणून आज ओळखला जातो तोच हा तलाव. चांद सुलतानाच्या निधनानंतर घरात वारसाचा तंटा माजला, राणीने रघूजी भोसल्यांचे साहाय्य मागितले, आणि १७४३ मध्ये नागपूर भोसल्यांच्या हाती आले. गोंड राजाकडे नावापुरते राजपद उरले.

म्हणजे नागपूर हे देवगडचे अपत्य. आज अपत्य लाखो वस्तीचे महानगर झाले आहे आणि मातेच्या अंगणात वानरे खेळतात. नागपूरच्या भाविकांनी तरी एकदा तेथे जावे, असे आम्हांस वाटते ते याचसाठी.

गडाच्या तिन्ही-चारी अंगांस दऱ्या आहेत आणि भोवती दाट रान. दरवाजे ओलांडून वर गेले की नगारखाना, कचेरी, बादल महाल अशी ओळख सांगितली जाणारी अवशेषस्थाने लागतात. कमानींचा घाट मोगली वळणाचा आहे, आणि भोवतालचे रान, दरीच्या कडेवर बेतलेली तटबंदी मात्र सर्वस्वी गोंड देशाची. बख्त बुलंदाचे चरित्र ज्याने ऐकले, त्याला हे मिश्रण निराळे समजावून सांगावे लागत नाही. माथ्यावरील मोती टाके आवर्जून पाहावे. एवढ्या उंचीवर पाणी टिकवून धरणारे हे टाके नसते, तर गडाला राजधानीचे पद लाभते ना.

पाण्याविषयी आणखी एक. गडाच्या पायथ्याशी ८०० विहिरी आणि ९०० बावड्या होत्या, अशी म्हण परिसरात आहे. म्हणीतील संख्या मोजण्यासाठी नसते, परंतु मोठी वस्ती येथे नांदत होती, ही गोष्ट ती विसरू देत नाही. पायऱ्यांच्या या दगडी बावड्या दीर्घकाळ गाळाने व झुडपांनी बुजल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामातून त्यांतील कित्येकींचा गाळ निघाला आणि पायऱ्या पुन्हा उजेडात आल्या. गड चढणे ज्यांना शक्य नाही अशा वृद्धांनी खालच्या बावड्या पाहिल्या तरी फेरी सार्थकी लागते.

आता जे सांगण्यासाठी मुख्यत्वे लिहावयास घेतले तिकडे वळू. दगड म्हटला की पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार आठवते. येथे मात्र बोलावयाचे आहे ते जागचे हलवू नयेत अशा दगडांविषयी.

आपल्या भागातील अनेक कुटुंबे हल्ली पर्यटनास थायलंडला जाऊन येतात. बँकॉकच्या उत्तरेस अयुथ्या नावाची जुनी राजधानी आहे. नाव आपल्या अयोध्येवरूनच पडलेले. तेथील राजे रामाधिपती ही पदवी धारण करीत, आणि रामकथेचे त्यांचे रूप 'रामकियेन' या नावाने आजही नाट्यात व चित्रांत जिवंत आहे. त्यात आपले मारुतीराय तर विशेष लाडके पात्र. १३५० मध्ये स्थापन झालेली ही नगरी १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळून उद्ध्वस्त केली. पुढे बँकॉक वसविताना अयुथ्येच्या विटा नावांतून वाहून नेऊन नव्या राजधानीच्या तटास लावल्या. जुन्या नगरीचा देह नव्या नगरीच्या भिंतींत गेला, आणि उरले ते विटांचे मनोरे व शिरविहीन बुद्धमूर्तींच्या रांगा. १९९१ पासून हे स्थान जागतिक वारसा म्हणून जपले जाते.

तेथे महाथात नावाच्या विहारात बुद्धाचे एक शिर वृक्षाच्या मुळांत गुंतलेले आहे. त्यासमोर छायाचित्र काढावयाचे असेल तर खाली बसावे, आपले मस्तक त्या शिराच्या वर येऊ देऊ नये, असा तेथील दंडक आहे. मूर्ती भंगलेली, पूजा बंद पडलेली, तरी मर्यादा सुटलेली नाही. त्याच देशात समुत प्राकान येथे 'मुआंग बोरान' म्हणजे प्राचीन नगरी या नावाचे विशाल उद्यान १९७२ मध्ये उघडण्यात आले. देशभरातील मंदिरे व प्रासाद यांच्या प्रतिकृती त्यात मांडल्या आहेत. ज्यांना पुरातन वास्तू संपूर्ण, रंगीत आणि अखंड पाहावयाची हौस आहे, त्यांची हौस प्रतिकृतींत पुरी होते. त्यासाठी मूळ अवशेषांस रंग फासावा लागत नाही.

आपल्याकडे येथेच चूक होते. रानात कोरीव दगड दिसला की भाविक मन त्याला देव मानते, ही आपली थोर परंपरा. पण पाठोपाठ शेंदूर येतो, तेल येते, वर्ष-दोन वर्षांत कोरीवकाम दिसेनासे होते. वीरगळ कोणाच्या पराक्रमाचा, सतीशिळा कोणत्या घराण्याची, लेख कोणत्या लिपीतला, हे सारे त्या थराखाली जाते. २०२२ मध्ये वणीच्या श्री सप्तशृंगी मातेच्या मूर्तीवरील शेंदराचा जाड थर शास्त्रोक्त विधीने व तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढण्यात आला, तेव्हा मातेचे मूळ रूप पाहून भाविक भारावून गेले. तेथे पूजा अखंड चालू आहे, विश्वस्त आहेत, तज्ज्ञ बोलाविता आले. रानातील दगडाचा असा कोणी वाली नसतो.

खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, हा आपला शास्त्रसंकेत सर्वांस ठाऊक आहे. त्याचा अर्थ ती फेकून द्यावी अथवा उचलून घरी न्यावी असा मुळीच नाही. जुन्या स्थळी मूर्ती वा कोरीव शिळा ज्या जागी आणि ज्या दिशेस पडली आहे, त्यावरूनही जाणकार मंदिर कोठे होते, द्वार कोणत्या बाजूस होते, ते सांगू शकतात. ती हलविली की पुस्तकाचे पान फाटले. श्रद्धेने हलविलेला दगड आणि लोभाने हलविलेला दगड, इतिहासाच्या लेखी दोन्हीची हानी सारखीच.

म्हणून देवगडास जाणाऱ्या भाविकांस नम्र विनंती. जेथे देवस्थान जागते आहे, पूजा चालू आहे, तेथे खण-नारळ अवश्य वाहावा. इतर शिळांस केवळ नमस्कार करावा. कुंकू, तेल, शेंदूर लावू नये, कापूर जाळू नये. भिंतीवर नाव कोरणे, तटावर चढून छायाचित्र काढणे, टाक्यात निर्माल्य वा प्लास्टिक टाकणे टाळावे. गुप्तधनाच्या गोष्टी ऐकून कोणी खणताना दिसल्यास गावच्या पंचायतीस अथवा पोलिसांस कळवावे. लहान मुलांना बरोबर न्यावे, आणि जाटबाची कथा त्यांना गडावरच सांगावी. वाटेत गाडीत सांगितली तर अर्धी झोपेत जाते.

छिंदवाड्यास जाणे होईल त्यांनी बादल भोई जनजातीय संग्रहालय पाहावे. १९५४ पासूनच्या या संग्रहालयाची नवी वास्तू स्वातंत्र्यसंग्रामातील जनजातीय वीरांना वाहिलेली असून १५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. गोंडांची आयुधे, वाद्ये व दागिने आधी तेथे पाहून मग देवगड चढल्यास रिकाम्या कचेरीत माणसे दिसू लागतात.

गडावर जाण्यास दिवाळीनंतरचे ते महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यात रान देखणे असते, परंतु दगड निसरडे होतात आणि झुडपांत सर्प असतात. पाणी व फराळ सोबत ठेवावा, पायांत घट्ट पादत्राणे असावीत, आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे. सकाळी लवकर जामसावळीचे दर्शन घेऊन निघाल्यास गड पाहून संध्याकाळच्या आरतीस परत पोहोचता येते.