जॉनी टिल्मन आणि वॉट्सच्या आया

कापसापासून इस्त्रीपर्यंत
जॉनी टिल्मन यांचा जन्म 1926 साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. लहानपण कापूस वेचण्यात गेलं. पुढे लॉस एंजेलिसला येऊन त्या लाँड्रीत शर्टांना इस्त्री करू लागल्या. पदरी सहा मुलं आणि मिळवणाऱ्या एकट्या त्याच. 1963 मध्ये आजारपणाने काम सुटलं आणि सरकारी मदतीचा अर्ज करावा लागला.

मदतीची किंमत
बाईच्या घरी पुरुष राहतो असा संशय आला, की अनेक राज्यांत मदत बंद होई. तपासनीस मध्यरात्री दार ठोठावत, कपाटं उघडत, पुरुषाचे कपडे शोधत. दक्षिणेत आणखी एक रीत होती. कापसाच्या हंगामात कृष्णवर्णीय आयांची मदत थांबवायची, म्हणजे शेतमालकाला स्वस्त मजूर मिळत. वर्णभेद आणि गरिबी अशी एकाच दाव्याला बांधलेली होती.

बांधणी कशी झाली?
लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या सरकारी वसाहतीत टिल्मन दारोदार फिरल्या आणि 1963 मध्येच मदत घेणाऱ्या आयांची संघटना उभी केली. पुढे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज वायली यांच्या पुढाकाराने देशव्यापी ‘नॅशनल वेल्फेअर राइट्स ऑर्गनायझेशन’ झाली. टिल्मन तिच्या अध्यक्ष झाल्या. कामाची पद्धत साधी होती: नियमपुस्तिका मिळवायची, हिवाळ्याचा कोट, मुलांचे कपडे, फर्निचर यांसाठी नियमात काय बसतं ते शोधायचं आणि घोळक्याने कचेरीत जाऊन ते मागायचं.

किंगही निरुत्तर
1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आपल्या गरिबांच्या मोहिमेला पाठिंबा मागायला शिकागोत या बायकांना भेटले. त्यांनी किंगना आदल्या वर्षीच्या मदत-कायद्याबद्दल विचारलं. किंगना तपशील ठाऊक नव्हता. माहीत नसेल तर तसं सांगावं, असं टिल्मन यांनी सुचवलं. किंगनी ते मान्य केलं आणि ऐकून घेतलं.

पदरात काय पडलं?
त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ‘घरात पुरुष’ असल्याच्या कारणाने मुलांची मदत तोडणारा अलाबामाचा नियम रद्द केला. 1970 च्या निकालाने मदत तोडण्याआधी सुनावणी बंधनकारक झाली. पैशाअभावी संघटना 1975 मध्ये बंद पडली. टिल्मन 1995 मध्ये वारल्या. पुढच्याच वर्षी गरीब आया-मुलांना मिळणारी ती सरकारी मदत योजनाही मोडीत निघाली. 1970 चा निकाल मात्र अमेरिकेत कायद्याच्या वर्गात आजही शिकवतात.