दवाखान्यातून घरी आल्यानंतर

दवनीवाड्याहून आम्ही बोलतोय.

आमच्या गटातल्या एका ताईने रोवणीच्या दिवसांत जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली, घरी आली. पण काय बोलावं हे सुचेना म्हणून आम्ही पंधरा दिवस तिच्या दारी गेलोच नाही. नंतर ती म्हणाली, "कोणी आलं नाही, तेव्हा वाटलं, मी वाचायलाच नको होते." ही चूक आमची होती.

दवाखान्यात जीव वाचतो, पण मनाचं दुखणं सोबत घरी येतं. घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे, पहिले तीन महिने सगळ्यात जपायचे असतात. मग काय करायचं?

मनाच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. गोळ्या घरातल्या विश्वासाच्या माणसाजवळ ठेवा. तपासणीच्या तारखेला सोबत जा.

फवारणीचं औषध घरात नकोच. ठेवावंच लागलं तर कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मरणाचा विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही नसलं, तर माणूस वाचतो.

"मरावंसं वाटतं का गं?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन हलकं होतं. "लेकरांचा विचार नाही केलास?" असं मात्र बोलू नका. ऐकून घ्या. उत्तर "हो" आलं, तर तिला एकटी सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशी व्यक्ती मोठ्या ताणात होती असं धरलं जातं. तिला शिक्षा नाही, तर उपचार द्यायचे असतात.

आपल्यासारख्या गावातल्या माणसांनी हे काम करून दाखवलं आहे. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' प्रकल्पात 30 गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलले. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभरांत जेमतेम चार जण उपचार घेत होते, नंतर सत्तावीस घेऊ लागले.

आता आमच्या गटात पाळी ठरली आहे. दर आठवड्याला दोघी ताईकडे जातात. कधी बोलतात, कधी नुसत्या सोबत तांदूळ निवडतात.

तुमच्या गावात असं कोणी असेल, तर आजच जा. आशाताईंना सांगा. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं. ऐकणाऱ्या एखादीच्या मनात असा विचार असेल, तर बाई, तूही हा नंबर लाव. आणि आम्हाला हाक मार.