किहीमची सुगरण आणि पटावरची पाखरं

1930 साली सालिम अली जर्मनीहून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातलं त्यांचं पद पैशाअभावी रद्द झालं होतं. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे गिरवून आलेला हा माणूस मग पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबाग तालुक्यातल्या किहीमला घरच्या बंगल्यात राहायला आला. पावसाळा होता आणि जवळच सुगरणींची वसाहत गजबजली होती. सालिम अलींनी तिच्यावर महिनोन्‌महिने नजर ठेवली.

त्यांना जे दिसलं ते तोवर कुणी नीट मांडलं नव्हतं. नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. मादी येते, आत शिरते, पारखते. तिला पसंत पडलं तरच नर उरलेलं काम पुरं करतो आणि खाली लोंबणारी नळी विणतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत घरटी तशीच लटकत राहतात. 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि सालिम अलींचं नाव झालं.

सुगरण नराचं सगळं गणित एवढंच: मोजका हंगाम, मोजकं सामान आणि कशात किती गुंतायचं याचा निर्णय. नेमक्या याच हिशेबावर अमेरिकेतल्या एलिझाबेथ हारग्रेव्ह या पक्षिवेड्या बाईंनी एक बैठा खेळ रचला. ‘विंगस्पॅन’ हा त्यांचा खेळ 2019 साली बाजारात आला आणि त्याच वर्षी जाणकार खेळाडूंसाठीचा जर्मनीचा मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. सामग्री जमवायची, ती मोजून पत्ते विकत घ्यायचे आणि त्या पत्त्यांच्या जोरावर पुढची सामग्री अधिक वेगानं जमवायची, अशा जातीचे खेळ बरेच आहेत. त्यातल्या पुष्कळ खेळांत रत्नं नाहीतर मसाले असतात. इथे पाखरं आहेत, आणि प्रत्येकाचं खाणं, घरटं आणि पंखांचा विस्तार खऱ्या माहितीवर बेतलेला आहे.

मूळ संचात 170 पक्षी आहेत. एक ते पाच जण खेळू शकतात; डाव तासाभरात आटोपतो. प्रत्येकापुढे तीन अधिवासांचा पट असतो: रान, माळ आणि पाणथळ. रानात खाणं मिळतं, माळावर अंडी घातली जातात, पाणथळीतून नवे पत्ते उचलता येतात. चौथी खेळी म्हणजे हातातला पक्षी पटावर मांडणं. त्याची किंमत खाण्यात मोजायची: किडे, दाणे, फळं, मासे, उंदीर. हवं ते खाणं नसेल तर दुसरी कुठलीही दोन देऊन एक भागवता येतं. ओळीतला पहिला पक्षी अंडं न देता बसतो. दुसऱ्या-तिसऱ्याला एकेक आणि चौथ्या-पाचव्याला दोन-दोन अंडी पटावरून द्यावी लागतात.

खरी गंमत ओळ भरत जाते तशी येते. रिकाम्या रानात गेलं तर एकच खाणं मिळतं, पाच पक्षी बसले की तीन. शिवाय त्या ओळीतले तपकिरी पट्टीचे पक्षी उजवीकडून डावीकडे एकापाठोपाठ कामाला लागतात: एक दाणे साठवतो, दुसरा पत्ता देतो, शिकारी पक्षी लहान पंखांच्या पाखरावर झडप घालतो. म्हणून असे पक्षी पहिल्या फेरीतच बसवावेत. शेवटच्या फेरीत बसवले तर त्यांना काम करायला खेळ्याच उरत नाहीत.

खेळ्या आधीच थोड्या असतात. चार फेऱ्यांत अनुक्रमे 8, 7, 6 आणि 5, म्हणजे सगळ्या मिळून 26. नवखा खेळाडू इथेच फसतो. सुरुवातीला पाच पत्ते आणि पाच खाणी मिळतात, पण राखलेल्या प्रत्येक पत्त्यामागे एक खाणं सोडावं लागतं. भारी गुणांचा महागडा पक्षी दिसला की हात सुटत नाही आणि मग त्याची किंमत जमवण्यात निम्मी फेरी जाते. दोन-तीन स्वस्त, परस्परांना पूरक पक्षी ठेवावेत, बाकीचे बेलाशक टाकावेत. सुगरण नर तरी वेगळं काय करतो? पसंती मिळेपर्यंत तो अर्ध्या घरट्यापुढे एक काडीही वाया घालवत नाही.

शेवटच्या फेरीत मात्र माळ गाठावा. प्रत्येक अंड्याला एक गुण मिळतो आणि भरलेल्या माळावर एका खेळीत चार अंडी पडतात. त्या वेळी एखादा मध्यम पक्षी मांडण्यापेक्षा हे फायद्याचं. पक्ष्यांवर साठवलेल्या दाण्यांना आणि पक्ष्यांखाली सरकवलेल्या पत्त्यांनाही एकेक गुण असतो. हातात उरलेल्या खाण्याला काहीच नाही. ते फक्त बरोबरी झाली तर कामी येतं.

दुसऱ्याचं मोडून टाकणं या खेळात जवळजवळ नाही, चुरस मात्र भरपूर आहे. उघडे पत्ते तीनच, खाण्याचे फासे पाचच, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एका ठरलेल्या उद्दिष्टावर सगळ्यांची तुलना होते. समोरच्याच्या पटाकडे न बघता खेळणारा तिथे मागे पडतो. एका पक्ष्याचा स्वभाव तर कोकणातल्या मुलांनाही लगेच उमगेल. उत्तर अमेरिकेतला काऊबर्ड आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. पटावरही प्रतिस्पर्ध्यानं अंडी घातली की याचं एक अंडं आपल्याच पटावरच्या एखाद्या वाटीसारख्या घरट्यात पडतं.

2022 साली खेळाची आशियाई पुरवणी आली. मोर तिच्यात आहे. पण किहीमच्या किनाऱ्यावरच्या पाखरांचा वेगळा संच हवा असेल, तर तो घरी करणं मुळीच अवघड नाही. सुगरण, खंड्या, टिटवी, हळद्या, भारद्वाज, धनेश, समुद्री गरुड अशी पंधरा-वीस नावं घ्यावीत. सालिम अलींचं 1941 सालचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आजही मिळतं. त्यातून खाणं आणि घरटं टिपावं, पुठ्ठ्यावर मुलांकडून चित्रं काढून घ्यावीत. सुगरणीच्या पत्त्याची करामत काय असावी, हे मात्र मुलांनाच ठरवू द्या.